शादीखान्यातली जाळी

आपांची अट एकच होती. धाकट्या मुलीचा निकाह त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. बाकी शादीखाना कसा बांधायचा ते माझं मी ठरवावं. भिंती विटांच्या की ब्लॉकच्या, छत पत्र्याचं की स्लॅबचं, यात त्यांना काडीचा रस नव्हता.

मी आर्किटेक्ट. गारखेड्यातल्या माझ्या ऑफिसात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी एका बिल्डरशी फोनवर कडाकडा भांडत होते. भांडण संपेपर्यंत नकाब वर सारून त्या शांतपणे बसून राहिल्या आणि मी फोन आपटल्यावर म्हणाल्या, "मला अशीच बाई पाहिजे होती." साठीच्या आसपासच्या, अंगानं किरकोळ, माहेर सोयगावचं. शहरात उभा जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना आपा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडच्या लग्नात पुरुष एका बाजूला बसतात आणि बायका कनातीच्या पलीकडं. काझी निकाह पढवतात ते पुरुषांच्या बाजूला. बायकांच्या वाट्याला येतो तो लाउडस्पीकर. थोरल्या मुलीच्या वेळी त्यानं ऐन मोक्याला शिट्ट्या मारायला सुरुवात केली. मधलीच्या वेळी आपांना कनातीत एक भोक सापडलं, तर तिथं आधीच कोणीतरी डोळा लावून उभी होती. म्हणजे दोन मुलींची लग्नं झाली आणि आईनं दोन्ही वेळा शेजारणीला विचारलं, झाला का गं?

"आता एकच राहिली," आपा म्हणाल्या. "नातवंडांच्या लग्नापर्यंत मी कुठली राहते."

जागा त्यांच्या सासरची होती, जुन्या शहरात, घराला लागूनच. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. त्यांना सगळे बडे अब्बा म्हणत. गल्लीतल्या लोकांना लग्नासाठी हॉल नाही, तो आपण बांधावा आणि पहिलं लग्न आपल्याच घरचं करावं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. मिळून ठरवलं म्हणजे आपा दाराआडून बोलल्या आणि बडे अब्बा बाहेरच्या बाजेवर बसून बोलले. एका घरात राहून आपा कधी त्यांच्यासमोर आल्या नव्हत्या. ते उंबऱ्याशी खाकरले की आपा आत सरकायच्या. काही सांगायचं असलं की दारावर बोटानं टकटक करायच्या आणि ओढणी तोंडावर घेऊन आडून बोलायच्या. त्यांचं जेवण आपाच रांधायच्या, ताट मुलींनी नेऊन द्यायचं. चाळीस वर्षं हे असं चाललं होतं आणि त्यात कोणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

मला वाटत होतं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवलं. आपा हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्यात सुना सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पाडतात का? मला माझी आई आठवली, माझ्या माहेरी करमाडला ती आजही पाडत नाही.

बडे अब्बा मात्र सहजासहजी ऐकणाऱ्यांतले नव्हते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, पांढरी दाढी मेंदीनं रंगवलेली. निजामाचं राज्य संपलं त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ते लहान होते. त्या दिवसांत घरातल्या बायका बाहेरच्या कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून वडिलांनी सगळ्या खिडक्यांना रजया ठोकल्या होत्या आणि आत अंधारात सगळ्यांनी श्वास धरून दिवस काढले होते, एवढं त्यांनी मला एकदा सांगितलं. बायकांच्या बाजूला पक्की भिंत हवी, हा त्यांचा हट्ट तिथून आला होता हे मला कळत होतं. कळलं म्हणून राग गेला असं नाही.

भिंत नको, कनात नको, तर काय? गल्लीतले हौशी लोक म्हणाले, मकबऱ्यात आहे तशी जाळी सिमेंटमध्ये ओता. त्या भोकांतून एका वेळी एका डोळ्यापुरतं दिसतं. आपांनी ती सूचना तिथल्या तिथं उडवली. काळी काच लावली तर आवाज अडतो आणि आत उकडून माणसं बेशुद्ध पडतील. मी वैतागून घरी आले. संध्याकाळ होती, मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि बाहेरून दूधवाला म्हणाला, ताई, आज चष्मा नाही घातला? तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाच माणूस सकाळी त्याच खिडकीशी उभा राहून हाका मारायचा, मी डासांच्या जाळीच्या आत दोन हातांवर असायचे आणि त्याला दिसायचे नाही. सकाळी उजेड त्याच्या बाजूला, संध्याकाळी दिवा माझ्या बाजूला. जाळी तीच. जो उजेडात असतो तो दिसतो, जो अंधारात असतो तो बघतो.

करमाडला माहेरी जाता-येता जालना रोडवर एक शेड लागायची. तिथं साखर कारखान्यांच्या आणि पिठाच्या गिरण्यांच्या चाळण्यांसाठी स्टीलची जाळी विणायचे. मी आत शिरले. विणकराच्या मागासारखाच माग, फक्त सुताऐवजी तारा. धोटा इकडून तिकडं जायचा, फणी येऊन आपटायची आणि पायाखालची फरशी हादरायची. तिथले लोक त्या जाळीला सरळ कापडच म्हणत होते. हातात धरली तर खरंच पडायची ती, वजनदार पैठणीचा पदर पडावा तशी. मी निरनिराळ्या विणींचे तुकडे घेऊन दारात उभी राहिले, एका तुकड्याआड माझा हात धरून पाहिला आणि जी वीण हवी होती ती सापडली.

तिची एक बाजू, बायकांकडची, मी काळी रंगवून घेतली. चांगलं स्टील कशाला बिघडवता म्हणून रंगारी कुरकुरला. पण तार चमकली की डोळा तारेवरच अडकतो, काळी असली की आरपार जातो. पुरुषांकडची बाजू तशीच चकचकीत ठेवली. मग छतापासून जमिनीपर्यंत पट्टे टांगले, खाली स्प्रिंगा लावून नट आवळले. जाळीला ताण नसला तर ती जुन्या बाजेसारखी झोळ धरते आणि मग तिला कोणी पडदा म्हणणार नाही.

बडे अब्बांना दाखवायचा दिवस आला. दुपारी सगळी दारं उघडून मी पुरुषांच्या बाजूला भरपूर उजेड केला, पलीकडच्या खिडक्या लावल्या आणि आपांना जाळीच्या आड नेऊन उभं केलं. बडे अब्बा आले, जाळीला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं आणि म्हणाले, "कोई नहीं है." तेवढ्यात आतून जाळीवर टकटक झाली. ते दोन पावलं मागं उडाले. आपा आतून हसल्या असाव्यात, पण आवाज आला नाही.

ते मानले. पण जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी एक गोष्ट बजावली, अगदी हळू आवाजात, त्यामुळं ती जास्त लागली.

"एक भी चेहरा उधर से दिखा, तो दूसरे दिन मैं इधर दीवार उठाऊंगा. फिर तुम मेरेकू कुछ बोलने का नहीं."

मी हो म्हटलं. आपांना सांगितलं. त्यांनीही मान हलवली. आपल्यापुढं काय वाढून ठेवलंय ते आम्हा दोघींनाही स्पष्ट होतं. भिंत उठली की ती काही एका लग्नापुरती उठणार नव्हती. त्या गल्लीतल्या पुढच्या सगळ्या आया लाउडस्पीकर ऐकत बसणार होत्या.

पुढचं भांडण बायकांशीच झालं. मी म्हणाले, तुमच्या बाजूला मंद दिवे राहतील. घरातल्या झाडून सगळ्या जणी माझ्यावर तुटून पडल्या. इतकी जरी, इतके दागिने अंगावर घालायचे आणि अंधारात बसायचं, तर मग घरीच बसतो की आम्ही. त्यांचंही खरं होतं. शेवटी तोड निघाली. एरवी झगझगीत दिवे असू देत आणि जाळीवर जाड पडदा ओढलेला असू दे. निकाहाच्या वेळेपुरता पडदा बाजूला करायचा आणि बायकांच्या बाजूचे सगळे दिवे बंद करायचे. त्यासाठी सगळ्यांचा मिळून एक मोठा खटका बसवला. तो आपांच्या ताब्यात.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी स्प्रिंगांचा ताण बघायला गेले. मागच्या अंगणात खड्डे खणून चुलींवर मोठाल्या देगा चढवल्या होत्या, नान-कलियाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. आचाऱ्यांना आडोसा पाहिजे म्हणून जाळीवरचा जाड पडदा कोणीतरी काढून तिकडं बांधला होता. मी डोक्याला हात लावला, पण खटका तर आहे, निभेल, असं मनाशी म्हटलं. एवढ्यात अंगणात भाड्याचा जनरेटर धडधडला. चालतोय का ते बघत होते. आणि बायकांच्या बाजूला, जाळीच्या अगदी माथ्यावर, चार ट्यूब आपोआप पेटल्या.

मी खटका खाली केला. ट्यूब चालूच. पुन्हा केला. चालूच.

त्या ट्यूब माझ्या नकाशात नव्हत्या. इलेक्ट्रिशियननं जनरेटरची वेगळी वायर ओढली होती, खटक्याला न विचारता, आणि ती फक्त बायकांच्या बाजूला. पुरुषांच्या बाजूला जनरेटरचा एक दिवा नाही. मी तशीच तणतणत बडे अब्बांकडं गेले. ते खुर्च्या मोजत उभे होते. हे कोणी सांगितलं, मी विचारलं. मैंने, ते म्हणाले. आणि वर मलाच विचारलं, लाइट गई तो औरतां-बच्चे अंधेरे में बैठेंगे क्या? जनरेटर लहान आहे, सगळीकडं पुरणार नाही, मग आधी कोणाला द्यायचा? पुरुषांचं काय, ते अंधारात चार गप्पा मारतील.

भारनियमनाची ती वर्षं होती. आमच्या करमाडच्या घरातही इन्व्हर्टरचा पहिला दिवा माझ्या आईच्या खोलीत होता. त्या माणसानं आपल्या परीनं बायकांचा मानच राखला होता. मी त्यांना समजावून सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, हात जोडून सांगितलं. उजेड तुमच्या बाजूला असला तर जाळी झाकते. उजेड त्यांच्या बाजूला आणि तुम्ही अंधारात, तर प्रत्येक बाई तुम्हाला सिनेमात दिसते तशी दिसेल. जाळीच्या उलट्या बाजूनं विचार करा, मी म्हणाले. ते म्हणाले, उलटंसुलटं काही नको, या भागाची लाइट सकाळीच जाते, संध्याकाळी जात नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, मी म्हटलं. तो करमाडला दुसऱ्या लग्नात गेला होता. मग मीच वायर तोडते, मी पक्कड उचलली. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. पाहुणे येऊन उभे आहेत, घरात बाया-पोरं भरलीत आणि तू वायर तोडतेस? मी पक्कड खाली ठेवली आणि आतल्या आत जळत राहिले.

आपांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकदा वर त्या चार ट्यूबकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "लाइट नाय जायची. मी नमाज पढून येते."

मगरीबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजनंतर पाहुणे आले. बायकांची बाजू शिगोशीग भरली. खुर्च्या कधीच संपल्या, सतरंजीवर मांडीला मांडी लावून बायका, मांडीवर पोरं, काही पोरं झोपलेली. बुरखे भिंतीवरच्या खुंट्यांना. पडदा नाही म्हणून आपांनी मागच्या कोपऱ्यातला एकच मंद दिवा ठेवला होता. मी जाळीच्या जवळ एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि दर दोन मिनिटांनी त्या चार ट्यूबकडं बघत होते. नवरी आतल्या खोलीत होती. निकाहाचा वकील, म्हणजे नवरीचा होकार काझीपर्यंत नेणारा, आणि साक्षीदार दाराशी आले, तिची संमती विचारली, ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण बायकांमध्ये हुंदके सुरू झाले म्हणजे हो म्हणाली. ते पुरुषांच्या बाजूला परतले. आपांनी खटका खाली केला.

आमच्याकडं काळोख झाला आणि जाळी नाहीशी झाली. खरं सांगते, मीच ती टांगलेली, पण मीही हात पुढं करून ती आहे ना ते चाचपून पाहिलं. पलीकडचा सगळा हॉल समोर उघडा पडला. गादीवर काझीसाहेब, त्यांच्यासमोर शेरवानीतला नवरामुलगा, नाकावर घाम आलेला, बाजूला बडे अब्बा, मागं पुरुषांच्या रांगा. कोणी दाढी खाजवतंय, कोणी जांभई देतंय. मागून एक म्हातारी बाई म्हणाली, "अगं, असं असतंय व्हय हे." तिनं आयुष्यात किती लग्नं केली असतील घरातली.

आपा जाळीला अगदी लागून उभ्या होत्या. काझीसाहेबांनी निकाहाआधीचा खुत्बा पढला. आता ते नवऱ्यामुलाला विचारणार, एवढ्यात लाइट गेली.

दोन्ही बाजू काळ्याठिक्कर. पलीकडून चार-पाच आवाज एकदम उठले, जनरेटर, जनरेटर चालू करो. मागच्या अंगणात कोणीतरी हँडल मारलं. इंजिन ढुक ढुक करून बंद पडलं.

या वेळी ते बंद पडलं, पण पुढच्या वेळी पडणार नव्हतं. बायकांच्या दारातून बाहेर पळावं तर ते दार गल्लीत उघडतं, अंगणाला वळसा घालायला वेळ कुठं. ओरडावं तर पुरुषांच्या बाजूच्या गलक्यात कोण ऐकणार. पडदा अंगणात. मी आपांचा दंड धरला आणि कानात सांगितलं, ट्यूब काढाव्या लागतील, आत्ता, अंधारात.

आपांनी एकच वाक्य मागं सोडलं. ओढण्या तोंडावर घ्या, पोरांना खाली ठेवा आणि जाळीजवळच्या उठा, खुर्च्यांवर चढा. ते वाक्य काळोखात मागं मागं गेलं. घरातल्या सुना, थोरली मुलगी, मधली मुलगी, जड शराऱ्यांचे घोळ कमरेला खोचून खुर्च्यांवर चढल्या. ट्यूब दोन्ही टोकांना धरून फिरवायची, की निघते. कोणीतरी चाचपडत पहिली काढली आणि खाली दिली. पुन्हा हँडल. ढुक ढुक ढुक. बंद. दुसरी निघाली. तिसरी निघताना कोणाच्या तरी हातातून निसटली, खालच्या बाईनं ओढणीत झेलली. चौथी माझ्या डोक्यावर होती. ती फिरत नव्हती. नवा होल्डर, घट्ट बसवलेला, माझी बोटं घामानं निसरडी. मी शिव्या देत होते, कोणाला ते आठवत नाही.

तिसऱ्यांदा इंजिन धरलं.

माझ्या हातातली ट्यूब दोनदा फडफडली आणि पेटली. तिच्या बरोब्बर खाली आपा. मागच्या सगळ्या बायकांनी ओढण्या ओढल्या होत्या, माना खाली घातल्या होत्या. आपांचा चेहरा उघडा होता. जाळी आता आमच्या बाजूनं काळी भिंत झाली होती, पलीकडचं त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं आणि पलीकडच्या अंधारात बसलेल्या प्रत्येक पुरुषाला त्या दिसत होत्या. हे त्यांना माहीत होतं. मीच शिकवलं होतं.

मी खुर्चीवरून म्हणाले, आपा, मागं व्हा.

"आता मागं झाले तर राहिलंच," त्या म्हणाल्या. आणि जाळीला कपाळ लावून तशाच उभ्या राहिल्या.

पलीकडचा गलका एकदम थांबला. कोणीतरी खाकरलं. काझीसाहेबही थांबले असावेत. मला वाटलं, संपलं, उद्या भिंत. आपांसाठी वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

मग जाळीच्या पलीकडं उजव्या हाताला एक पांढरा ठिपका हलला. आचाऱ्यांनी अंगणात गॅसबत्ती पेटवून ठेवली होती. ती कोणीतरी हॉलमध्ये आणली होती आणि आता ती जाळीकडं येत होती. जसजशी जवळ आली तसतशी जाळी विरत गेली. आधी नवऱ्यामुलाचे गुडघे दिसले, मग हात, मग तोंड. बत्ती धरणारा माणूस जाळीला खेटून उभा राहिला, हात जेवढा वर जाईल तेवढा वर केलेला, म्हणजे उजेड जाळीच्या चकचकीत अंगावर पडेल आणि गादीवरही. ते बडे अब्बा होते. त्यांनी मान दुसरीकडं वळवलेली होती. बत्ती हलली की सगळ्या हॉलच्या सावल्या हलत होत्या.

"पढो, काझीसाब," ते म्हणाले.

दुपारी मी घसा फाटेपर्यंत ओरडले होते त्यातला शब्द न् शब्द त्या माणसानं ऐकून ठेवला होता. ट्यूब तेवढ्यात माझ्या हातात सुटून आली. आमच्याकडं काळोख झाला. काझीसाहेबांनी विचारलं. मुलानं कबूल म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज घोगरा झाला आणि त्यानं कपाळ पुसलं. आपांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मला रडू आलं. ट्यूब हातात, डोळे पुसता येईनात, मी तशीच खुर्चीवर उभी राहून रडले.

दुआ झाली, खजूर वाटले गेले. थोड्या वेळानं लाइट आली. त्यानंतरची कुजबुज आमच्यापर्यंत पोहोचली. सोयरिकीतला कोणी एक गृहस्थ पुरुषांच्या बाजूला म्हणत होता की बायकांची झलक दिसली, या जाळीत काही अर्थ नाही, बडे मियांनी आता तरी पक्कं काही करावं. सगळे बडे अब्बांकडं बघायला लागले. जाळीच्या आड आम्हीही.

बडे अब्बांनी काळी पडलेली गॅसबत्ती खाली ठेवली. "सबसे नजदीक मैं खडा था," ते म्हणाले. "मेरेकू कुछ नहीं दिखा. तुमकू दिखा?"

तो गृहस्थ नाही म्हणाला. आणखी कोणालाही काही दिसलं नव्हतं. आपांनी माझा हात घट्ट धरला आणि लगेच सोडून दिला, पाहुण्यांचं जेवण बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. रात्रभर झोप नव्हती. चार लोकांत बोललेली गोष्ट वेगळी आणि घरात ठरलेली वेगळी, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी भांडायच्या तयारीनं गेले होते. हॉल रिकामा, जमिनीवर फुलं तुडवलेली. बडे अब्बा गादीच्या जागी एकटेच खुर्ची टाकून जाळीकडं तोंड करून बसले होते. मला बघून त्यांनी बसायला सांगितलं. इलेक्ट्रिशियनला निरोप गेलाय, ते म्हणाले, जनरेटरची वायर इकडं घ्यायची, आधी पुरुषांच्या बाजूला. भिंतीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

पण माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. मी विचारलं, बडे अब्बा, खरंच तुम्हाला काही दिसलं नाही?

त्यांनी जाळीकडं पाहिलं. सकाळच्या उन्हात ती नुसती चकाकत होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"ब्याह के आई तब सतरा की थी, घरवाले बोलते थे," ते म्हणाले. "मैंने तो देखाच नहीं. चालीस साल मेरे दिमाग में वो सतरा कीच रही. इत्ती बुढ्ढी कब हो गई ये बच्ची?"